थांबण्याचे दिवस : आजारपण, अपघात आणि विम्याच्या प्रतीक्षाकाळाची शंभर वर्षे

१/
पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण सोडले की पुढचे स्थानक कासू आणि त्यानंतर नागोठणे. या पट्ट्यात खारेपाटाची भातशेती आहे, पेणच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आहेत, आणि नागोठणे व रोह्याजवळच्या धाटावचे कारखानेही आहेत. समजा, इथल्या पाच जणांना एकाच दिवशी आजाराने अंथरुणाला खिळवले : एक शेतमजूर, एक मूर्तिकार, एक कारखान्यातील कायम कामगार, एक नवा कंत्राटी कामगार आणि एक खासगी आरोग्यविमा घेतलेला दुकानदार. आजार तोच असला तरी पैसा केव्हा मिळणार, या प्रश्नाला पाच वेगवेगळी उत्तरे येतात. कुणाला तिसऱ्या दिवसापासून, कुणाला नऊ महिने नोकरी झाल्यावर, कुणाला तीन वर्षांनी. आणि बुडालेल्या मजुरीपुरते बोलायचे तर कुणाला कधीच नाही. ही उत्तरे कशी घडली, त्याचा हा इतिहास.

२/
विम्याच्या भाषेत या थांबण्याला ‘वेटिंग पिरियड’ किंवा प्रतीक्षाकाळ म्हणतात. मात्र या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे पात्रतेचा काळ : विमा सुरू झाला, हप्ता भरला, तरी ठरावीक महिने उलटेपर्यंत हक्क सांगता येत नाही. दुसरी म्हणजे आजाराचे किंवा अपघाताचे सुरुवातीचे बिनभरपाईचे दिवस : हक्क आहे, पण पहिले दोन, तीन किंवा दहा दिवस माणसाने स्वतःच्या खिशातून काढायचे. पहिल्या प्रकारात थांबणे विम्याच्या प्रवेशापासून मोजले जाते, दुसऱ्यात अंथरूण धरल्यापासून. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि दोन्हींचा इतिहासही वेगळ्या वाटांनी गेला आहे.

३/
पात्रतेच्या काळामागचे भय समजायला पेण-अलिबागच्या खारपाटातील बांध उपयोगी पडतो. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून इथे बांध घालावे लागत आणि ते सतत दुरुस्त ठेवावे लागत. या भागातील जुन्या शिलोत्री पद्धतीत बांधाआडच्या जमिनीवर बिघ्यामागे धान्याची आकारणी होई आणि त्यातून बांध राखला जाई. ही आकारणी ऐच्छिक असती तर काय झाले असते? शहाण्या माणसाने बांधाला भेग दिसेपर्यंत काही दिले नसते. भेग दिसताच धान्य घेऊन तो सर्वांत आधी हजर झाला असता. अशा वेळी बांध राखणाऱ्याला नियम करावा लागला असता की, आज आलेल्याची जमीन अमुक वर्षे राखली जाणार नाही. आकारणी सर्वांवर होती, म्हणून त्या नियमाची गरज नव्हती.

४/
विमाशास्त्रात या भयाला ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात : ज्याला आजाराची चाहूल लागली आहे तोच विमा घ्यायला येतो, निरोगी माणूस दूर राहतो आणि निधी आटतो. बिनभरपाईच्या दिवसांमागे दुसरी दोन कारणे दिली जातात. दोन दिवसांच्या सर्दीसाठी कागदपत्रे तपासण्याचा खर्च भरपाईपेक्षा जास्त होतो, हे एक. पहिल्या दिवसापासून पैसे मिळाले तर लोक आजाराचे सोंग घेतील, हे दुसरे. पहिले कारण हिशेबाचे आहे. दुसरे मात्र मालकाने कामगाराविषयी बाळगलेल्या मताचे आहे. पुढील शंभर वर्षांतील वाद बहुतेक या दुसऱ्या कारणाभोवती फिरले.

५/
आधुनिक सक्तीच्या आरोग्यविम्याची सुरुवात जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये झाली. त्या कायद्यातच आजाराचे पहिले ३ दिवस बिनभरपाईचे होते. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, कामावरील अपघातांच्या विम्याचा कायदा झाला. त्यातील प्रतीक्षा आणखी लांब म्हणजे १३ आठवड्यांची होती. पण ती रिकामी नव्हती. त्या १३ आठवड्यांत जखमी कामगाराचा भार आजारविम्याचे निधी उचलत आणि १४व्या आठवड्यापासून मालकांच्या वर्गणीवर चालणारा अपघातविमा पुढे येई. एका विम्याने थांबायचे असेल, तर तेवढ्या काळात दुसऱ्याने उभे राहायचे, हा त्यातील धडा.

६/
ब्रिटनने १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा केला. त्यात दोन्ही प्रकारची प्रतीक्षा स्पष्ट आकड्यांत आली. आजारभत्ता चौथ्या दिवसापासून. तोही विम्यात येऊन २६ आठवडे झालेल्या आणि २६ साप्ताहिक हप्ते भरलेल्या कामगारालाच. आजार लांबून माणूस कामाला असमर्थ ठरला, तर त्या दीर्घ मुदतीच्या भत्त्यासाठी १०४ आठवडे आणि १०४ हप्ते. म्हणजे संकट जितके मोठे, तितका उंबरठा उंच. हाच साचा पुढे ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांतल्या चर्चांमध्ये समोर ठेवला गेला. भारतात मात्र त्या वेळी आजारविमा नव्हताच. अपघाताच्या भरपाईचाही सर्वसाधारण कायदा नव्हता.

७/
त्या काळात कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत जात होती. (कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर १९८१ मधले.) मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होई आणि तोही पुढचा महिना निम्म्यावर आल्यावर हाती पडे. म्हणजे नवा कामगार पहिला रुपया पाहण्यापूर्वीच सुमारे दीड महिना वाण्याच्या उधारीवर जगत असे. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने नोंदवले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कुटुंबे किंवा व्यक्ती कर्जात आहेत. अशा घरात दहा दिवस मजुरी बुडणे म्हणजे सावकाराच्या वहीत नवे पान उघडणे होते. प्रतीक्षेचे दिवस मोजताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

८/
पहिला अखिल भारतीय कायदा १९२३ चा. कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. कामामुळे आणि काम करताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व त्याने मान्य केले. पण त्यात एक अट होती : इजेमुळे येणारी असमर्थता १० दिवसांहून अधिक टिकली तरच भरपाई. बोट चेपले, पाय मुरगळला, भाजले, आणि माणूस दहाव्या दिवशी कामावर परतला, तर त्याला काहीच मिळत नसे. अपघात मालकाच्या यंत्रावर झालेला असो, चूक कुणाचीही असो, ते दहा दिवस कामगाराचे.

९/
तात्पुरत्या असमर्थतेची भरपाई दर पंधरवड्याला द्यायची होती. तिचा पहिला हप्ता दहा दिवसांची प्रतीक्षा संपल्यानंतर सोळाव्या दिवशी देय होई. दोन्ही आकडे एकत्र केले की अपघातापासून २६ वा दिवस येतो. म्हणजे सर्व काही कायद्याप्रमाणे, विनावाद पार पडले, तरी जखमी माणसाच्या घरात पहिली रक्कम चौथा आठवडा सरता सरता येणार. आणि ती पूर्ण मजुरीही नसे, तर फार तर निम्मी. कायद्याच्या मजकुरात हे एक उपकलम आहे. गिरणगावातील खोलीत तेच २६ दिवसांचे भाडे, धान्य आणि औषध होते.

१०/
या काळात मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडणारा प्रमुख आवाज कुलाबा जिल्ह्यातलाच होता. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ मध्ये गोरेगाव येथे झाला. हे गोरेगाव मुंबईचे उपनगर नव्हे, माणगाव तालुक्यातले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत त्यांनी भारतीय कामगारांचे प्रतिनिधित्व केले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत ते होते. पुढे १९२१ पासून कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी म्हणून ते विधिमंडळात बसले. मुंबईतील डिलाईल रोडला आज त्यांचेच नाव आहे.

११/
जोशी यांनी १९२४ मध्ये प्रसूतिभत्त्याचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आणले. ते फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई प्रांताने पुढाकार घेतला. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या विषयावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली आणि या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असे सुचवले. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूतिभत्ता कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा. त्यातही आधी ठरावीक काळ नोकरी झालेली असण्याची अट होती, कारण दिवस गेल्यावरच नोकरीला लागणाऱ्या स्त्रीचे भय मालकांना होते. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्यात ही अट १६० दिवसांची होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली.

१२/
याच दशकात आंतरराष्ट्रीय मापदंड तयार होत होते. १९२५ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठरवले की, अपघातग्रस्ताला भरपाई फार तर अपघातानंतरच्या पाचव्या दिवसापासून मिळू लागली पाहिजे. १९२७ च्या आजारविम्याच्या करारनाम्याने आजारभत्त्याची प्रतीक्षा कमाल ३ दिवस ठेवली. भारतातील १० दिवसांची अट या दोन्हींच्या पुढे उघडी पडत होती. भारताने १९२७ चा करारनामा स्वीकारला नाही. पण जोशी यांच्यासारख्या प्रतिनिधींना यामुळे एक मोजपट्टी मिळाली : दहा दिवस ही निसर्गाने ठरवलेली संख्या नाही, आणि जगात इतरत्र ती तीन ते पाचवर आलेली आहे.

१३/
जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगावर जोशी सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यानंतर १९३३ मध्ये नुकसानभरपाई कायद्यात दुरुस्ती होऊन १० दिवसांचे ७ दिवस झाले. तीन दिवसांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण किरकोळ इजांचा स्वभावच असा असतो की त्यांतील पुष्कळशा आठवड्या-दीड आठवड्यात बऱ्या होतात. त्यामुळे मर्यादा खाली आली की आधी कायद्याला न दिसणारे अपघात प्रथमच नोंदीत येतात. पाठोपाठ १९३६ च्या वेतन कायद्याने पगार देण्याची मुदत महिना संपल्यावर ७ किंवा १० दिवसांवर बांधली. कामगाराच्या सक्तीच्या उधारीला दोन्ही बाजूंनी कात्री लागली.

१४/
आजारविमा मात्र अडून राहिला. भारतात कामगार किती आजारी पडतात याचे विश्वसनीय आकडे नाहीत, आणि ते गिरण्या बदलत, गावी जात-येत राहतात, हे त्याचे ठरलेले कारण. कोकणातून आलेला माणूस भातलावणीला गावी गेला की त्याचे हप्ते कसे मोजायचे, हा प्रश्न खरोखर होता. न्यायमूर्ती दिवेटिया यांच्या अध्यक्षतेखालील मुंबईच्या वस्त्रोद्योग कामगार चौकशी समितीने १९४० मध्ये आजारविम्याच्या बाजूने मत दिले. पुढे, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर झाला.

१५/
अदारकरांच्या योजनेचा कणा सक्ती हा होता. ठरवलेल्या कारखान्यांतील प्रत्येक कामगार विम्यात. निरोगी म्हणून बाहेर राहण्याची मुभा नाही आणि आजारी म्हणून बाहेर ठेवण्याचीही नाही. याच पायावर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियम झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबई तिच्यात आले. शिलोत्रीच्या बांधाचे तर्कशास्त्र आता देशाच्या कायद्यात उतरले होते. त्याचा परिणाम असा की, विम्यात येणाऱ्याला आधीचा मधुमेह आहे की क्षय, हे विचारण्याची गरज उरली नाही. वैद्यकीय उपचार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून.

१६/
तरीही रोख आजारभत्त्याला उंबरठा राहिलाच. सुरुवातीला वर्गणीची तिकिटे कार्डावर चिकटवली जात. ती कार्डे गोळा करून तपासायला वेळ लागे. म्हणून वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ यांत अंतर ठेवले गेले. ही रचना कार्डे गेल्यावरही टिकली. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. नव्याने नोकरीला लागलेल्याचा पहिला लाभकाळ ९ महिन्यांनी सुरू होतो. शिवाय आजाराचे पहिले २ दिवस बिनभरपाईचे. फक्त आधीचे भरपाई मिळालेले आजारपण संपून १५ दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला, तर ते दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत. भत्ता मजुरीच्या ७० टक्के.

१७/
यातील सर्वांत कठोर आकडा ७८ आहे. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तरच पुढचा आजारभत्ता. कायम कामगाराला हा आकडा जाणवतही नाही. गिरणीच्या दारात रोज सकाळी काम मिळते का पाहणारा बदली कामगार आणि आज औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडून महिना-दोन महिने काम मिळणारा कंत्राटी कामगार, या दोघांच्या बाबतीत मात्र तो निर्णायक ठरतो. ७७ दिवस भरलेल्याची वर्गणी घेतली जाते, भत्ता मिळत नाही. काम देणे न देणे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात नकळत पात्रताही जाते. पात्रतेचा काळ कामगाराच्या लबाडीविरुद्ध आखला गेला होता. त्याचा भार प्रत्यक्षात अस्थिर नोकरीवर पडला.

१८/
याउलट कामावरील अपघाताला या कायद्याने पात्रतेची अटच ठेवली नाही. पहिल्याच पाळीत हात यंत्रात सापडला तरी असमर्थतेचा लाभ देय. अपघाताचा दिवस सोडून असमर्थता किमान ३ दिवस टिकली पाहिजे, एवढीच मर्यादा. आज हा लाभ मजुरीच्या ९० टक्के आहे. कारण उघड आहे : उद्या आपला हात तुटणार आहे हे आधी कळून कुणी नोकरीला लागत नाही. जिथे माणूस संकटाची तारीख ठरवू शकत नाही, तिथे पात्रतेच्या काळाला अर्थ राहत नाही. हा विचार नीट लक्षात ठेवला, तर पुढे खासगी विम्यात काय घडले ते समजते.

१९/
१९२३ च्या जुन्या कायद्यातही १९५९ मध्ये मोठा बदल झाला. ७ दिवसांचे ३ दिवस झाले आणि एक नवी तरतूद आली : असमर्थता २८ दिवस किंवा अधिक टिकली, तर भरपाई थेट अपघाताच्या दिवसापासून, कमी टिकली, तरच पहिले ३ दिवस वजा. सोंगाचा संशय फार तर लहान इजेवर घेता येतो, महिनाभर अंथरुणावर असलेल्या माणसाकडून ते तीन दिवस कापून घेण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय. दहा, सात, तीन : छत्तीस वर्षांत आकडा इतका खाली आला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ३ दिवसांची मर्यादा कायम आहे. म्हणजे १९५९ नंतर हा आकडा हललेला नाही.

२०/
या सगळ्या काळात कासूच्या आसपासचा मोठा वर्ग मोजणीच्याच बाहेर होता. कर्मचारी राज्य विमा सुरुवातीला यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि २० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. घराच्या पडवीत शाडूची मूर्ती घडवणारा कारागीर त्यात बसत नव्हता. भातशेतीवरचा मजूर १९२३ च्या कायद्याच्या यादीतही नव्हता. त्यांच्यासाठी प्रतीक्षाकाळ दहा दिवसांचा की तीन दिवसांचा, हा वादच निरर्थक होता. त्यांची भरपाई म्हणजे भावकीने दिलेले तांदूळ आणि दुकानदाराने न मागितलेली बाकी. प्रतीक्षेचा इतिहास लिहिताना ज्यांना थांबण्याची रांगही मिळाली नाही, त्यांची नोंद करणे आवश्यक आहे.

२१/
१९८६ मध्ये आपटा–रोहा लोहमार्ग खुला झाला आणि पेण, कासू, नागोठणे आगगाडीच्या वाटेवर आले. योगायोगाने त्याच वर्षी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला. हा विमा ऐच्छिक होता, आणि त्याबरोबर प्रतिकूल निवडीचे भय पूर्ण ताकदीने परतले. पहिले ३० दिवस संरक्षण नाही. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध यांसारख्या आजारांना पहिले वर्ष नाही. विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजाराला तर कधीच नाही. कारखान्याच्या विम्यात दिवसांत मोजली जाणारी प्रतीक्षा इथे महिन्यांत, वर्षांत आणि आजन्म अशी मोजली जाऊ लागली.

२२/
ती कमी करण्याचे काम नंतर नियमांनी केले. २००८ मध्ये ‘आधीपासूनचा आजार’ याची समान व्याख्या आली आणि सलग ४८ महिन्यांच्या विम्यानंतर तो आजार संरक्षणात येऊ लागला. २०११ पासून विमा कंपनी बदलली तरी थांबण्यात घालवलेला काळ वाया जात नाही. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. १ एप्रिल २०२४ पासून ४८ महिन्यांची मर्यादा ३६ महिन्यांवर आली आणि सलग ६० महिने विमा चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुनी माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. इथेही आकडा खालीच सरकला आहे; फक्त त्याचे एकक दिवस नसून महिने आहे.

२३/
हे आकडे भयाच्या मापाने कापले जातात, याचा ताजा पुरावा २०२० मध्ये मिळाला. जुलै महिन्यात आलेल्या ‘कोरोना कवच’ या प्रमाणित विम्याचा प्रतीक्षाकाळ १५ दिवसांचा होता. विषाणू अंगात शिरून लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, त्याहून बरोबर एक दिवस जास्त. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनने कोविडमुळे घरी राहणाऱ्यांसाठी आजारपगाराचे ३ प्रतीक्षादिन स्थगित केले. कारण पहिले तीन दिवस बिनपगारी असतील, तर आजारी माणूस नेमक्या त्याच दिवसांत कामावर येतो आणि शेजारच्यालाही आजारी पाडतो. सोंग घेऊन घरी बसणाऱ्याचे भय जुने होते. सोंग घेऊन कामावर येणाऱ्याचे भय तेव्हा प्रथमच मोठे ठरले.

२४/
रायगड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक तारीख महत्त्वाची आहे : २ जुलै २०१२. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना त्या दिवशी राज्यातील ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत रायगड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबांचा हप्ता सरकार भरत होते. ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून संरक्षित होते. ज्या मूर्तिकाराला आणि शेतमजुराला सत्तर-ऐंशी वर्षे रांगच नव्हती, त्याला निदान रुग्णालयाच्या खर्चापुरते थांबणेच नाही. त्याची बुडालेली मजुरी मात्र अजूनही कोणी भरून देत नाही.

२५/
सुरुवातीच्या पाच जणांकडे परत येता येईल. कायम कामगाराचे दोन दिवस, नव्या कंत्राटी कामगाराचे नऊ महिने आणि ७८ हजेऱ्या, दुकानदाराची आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा, मूर्तिकार आणि शेतमजुराचा पहिल्या दिवसापासूनचा उपचार व कधीच न येणारी मजुरी. यांपैकी एकही आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. जिथे सर्वांकडून वर्गणी घेतली गेली किंवा सरकारने सर्वांसाठी ती भरली, तिथे आधीच्या आजारासाठी थांबणे संपले. जिथे विमा ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिला, तिथे ते वर्षांवर गेले. आणि जिथे कामगारांच्या वतीने कुणी विधिमंडळात, आयोगात, परिषदेत आकडा मागून घेतला, तिथे दहाचे सात आणि साताचे तीन झाले. गोरेगावच्या ना. म. जोशींचे नाव डिलाईल रोडच्या पाटीवर वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : उरलेले तीन दिवस १९५९ पासून तसेच आहेत.